चार हिस्से तोंड, एक हिस्सा भट्टी

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हटलं असलं तरी कंबर धरल्यामुळे सध्या सात अंगांचाच आहे. आठवं अंग बरं झालं की मागाहून पाठवतो.) आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तूही तिकडे लेकीकडे खुशाल असणार याची मला खात्री आहे, कारण तुझ्या लेकीचा रोज तक्रारीचा फोन येतो, आणि ती तू सुखात असलास तरच तक्रार करते. परवा म्हणाली, काका, बाबा सकाळी टोस्टरवर हात धरून मोठ्याने आकडे मोजतात, आणि हे अर्धी दाढी करून काय झालं बघायला बाहेर येतात. मी तिला म्हटलं, जावयांना सांग, घाबरू नका, आमचं लहानपण याच आवाजात गेलं. तर म्हणाली, ते ठीक आहे हो, पण तीसपर्यंत मोजतात आणि पाव जळतो.

पत्र लिहायचं कारण म्हणशील तर काही कारण नाही. तू गेलास त्याला आज सदतीस दिवस झाले. (मी मोजले नाहीत. बेकरीतल्या कॅलेंडरने मोजले, मी फक्त फुल्या मारल्या.) पण भाऊ आहे, पत्र लिहावं, म्हणून लिहितो. तू परत ये असं सांगण्यासाठी हे पत्र नाही, हे पहिल्या पानावरच स्पष्ट करतो, म्हणजे तू दुसरं पान उघडशील.

इथलं सगळं त्या भट्टीचा ताव मोजायच्या यंत्रावर उत्तम चाललं आहे. तू त्याला नीट पाहिलंसुद्धा नाहीस. आलं त्या दिवशी दोनदा उलटंसुलटं केलंस, मैद्याच्या पोत्यावर ठेवलंस, "आजपासून यालाच दादा म्हण" म्हणालास आणि दुपारच्या बसने गेलास. अडतीस वर्षं तू उजवा हात कोपरापर्यंत भट्टीत घालून आकडे मोजलेस. आठला हात काढावासा वाटला तर पाव लावायचे, बाराला वाटला तर बिस्किटं, पाचालाच वाटला तर दार उघडं टाकून थांबायचं. या कारभारात कोणी तोंड घालायचं नाही, एवढाच आमचा वाटा. तेव्हा यंत्राने तुला राग येणं मी समजू शकतो. पण राग आलेल्या माणसालाही माहिती असावी, म्हणून सांगतो.

यंत्र दिसायला पिस्तुलासारखं आहे. घोडा दाबला की आकडा दिसतो. त्याला भट्टीला हात लावावा लागत नाही, लांबूनच कळतं. कसं कळतं ते मी विकणाऱ्याला तीन वेळा विचारलं. (हा एक फार सभ्य तरुण आहे. तिसऱ्या वेळी त्याने स्वतःसाठी पाणी मागवलं.) तो म्हणाला, तापलेली प्रत्येक वस्तू उष्णता बाहेर फेकत असते, दिसत नाही एवढंच. पिस्तुलाच्या नळीत वेगवेगळ्या धातूंच्या बारीक बारीक पट्ट्या जोडून बसवलेल्या असतात. त्यांचं एक टोक त्या उष्णतेने तापतं, दुसरं थंड राहतं, आणि दोन टोकांत फरक पडला की पट्ट्यांमध्ये चिमूटभर वीज तयार होते. फरक जास्त तर वीज जास्त. ती वीज मोजून यंत्र आकडा सांगतं. म्हणजे दादा, बघायला गेलं तर तेही हातच घालतं, फक्त ओरडत नाही. एक पथ्य आहे. आपली स्वतःची ऊब किती हे त्याला आधी कळावं लागतं, म्हणून वापरण्यापूर्वी भट्टीच्या खोलीत त्याला वीस मिनिटं नुसतं बसवून ठेवायचं. रोज सकाळी आम्ही त्याला स्टुलावर बसवतो आणि त्याच्याभोवती उभे राहतो. तुझी शपथ, तुलाही आम्ही कधी एवढा मान दिला नव्हता.

पहिला महिनाभर काय पाव झाले! माझी युक्ती अशी होती की दार उघडायचंच नाही. दार उघडलं की ताव जातो, हे तूच सांगत आलास. तेव्हा बंद दारावरच बाहेरून यंत्र रोखायचं. ते तुझं जुनं लोखंडी दार, त्यावर अडतीस वर्षांची काजळी. दारावर एकशे ऐंशी दिसले की आत पाव लावण्याजोगा ताव असतो, हे मी दोन दिवसांत ताडलं. तिसऱ्या दिवशी पाव इतके सारखे आले की पहिलवान (आपला पीठ मळणारा, अजूनही हात पुसायला माझाच टॉवेल घेतो) म्हणाला, मालक, हे बघून रडू येतं. कामगारांनी तुझा शब्द शिरसावंद्य मानून यंत्राला दादाच म्हणायला सुरुवात केली. "दादा काय म्हणतात?" "दादा एकशे साठ म्हणतात." "मग थांबा." गल्लीतल्या पेन्शनर काकांनी हे खिडकीतून ऐकलं आणि तू परत आलास म्हणून गावभर सांगितलं. चार माणसं तुला भेटायला आली. त्यांना यंत्र दाखवून परत पाठवावं लागलं.

महिना उलटला आणि घात झाला, आणि तो स्वच्छतेने झाला. तुला ठाऊकच आहे की आपले निम्मे पाव इस्पितळात जातात. तिथल्या स्वयंपाकघरावर नवीन बाई आल्या आहेत. उंच, चष्म्याला साखळी, बोलतात कमी आणि बघतात जास्त. त्या बेकरी बघायला येणार असा निरोप आला. झालं! तुझ्या भावजयीने पदर खोचला. तू असतास तर ती भट्टीच्या दहा पावलांत आली नसती. तू नव्हतास, म्हणून तिने अडतीस वर्षांचा हिशेब एका दुपारी चुकता केला. भट्टी गार असताना दार उतरवलं, विटकरीचा चुरा, राख आणि जुनं गोणपाट घेऊन घासलं, घासलं आणि घासलं. संध्याकाळी दाराकडे बघून मला वाटलं नवीन आणलं. त्यात पाहून भांग पाडता आला असता. (पहिलवानाने पाडलाही.) मी तिचं तोंड भरून कौतुक केलं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र रोखलं तर पंच्याऐंशी. जळण टाकलं. थांबलो. पंच्याऐंशी. आणखी टाकलं. शहाऐंशी. मी म्हटलं भट्टीला कुठे तडा गेला काय! सरपणाचा आठवड्याचा साठा त्या सकाळी आत गेला, दाराजवळ उभं राहवेना, पहिलवानाच्या भुवया आखडल्या, आणि यंत्र आपलं नव्वद म्हणतंय. कामगार म्हणाले, मालक, घाम बघा. मी म्हणालो, घामावर विश्वास ठेवायचे दिवस गेले. शेवटी शंभरावर मी पाव लावले. सहा मिनिटांत ते कोळसे झाले. कोळसे म्हणजे अलंकाराने नव्हे, त्यातले दोन पहिलवानाने घरी शेगडीत वापरले.

मी तसाच विकणाऱ्याकडे गेलो. त्याने शांतपणे पुस्तिकेचं नववं पान उघडलं. (मी आठ पानं वाचली होती.) काळी, खडबडीत वस्तू आपली उष्णता मोकळेपणाने बाहेर टाकते, पण चकचकीत धातू आपली स्वतःची उष्णता फारशी सोडत नाही, आणि समोर जे असेल त्याची उष्णता आरशासारखी परत फेकतो. "तुमच्या दारासमोर काय होतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मी होतो. तो म्हणाला, मग यंत्राने चार हिस्से तुमचं तोंड मोजलं आणि एक हिस्सा भट्टी. दादा, मी आठवडाभराचं सरपण जाळून स्वतःच्या तोंडाचं तापमान वाढवत होतो! आणि ते वाढतही होतं, कारण मला राग येत होता.

पण मी खचलो नाही. दाराला काळा रंग द्यावा तर तो तापून वास मारणार आणि पाव तो वास धरणार, पुन्हा काजळी धरायला वर्ष तरी जाणार. तेव्हा ठरवलं की दार उघडायचं आणि थेट आत मोजायचं, फसवाफसवीला जागाच नको. आत मोजलं आणि लक्षात आलं की आपल्याकडे एक भट्टी नाही, सतरा आहेत. कमानीवर तीनशे दहा, लाद्यांवर दोनशे वीस, मागच्या डाव्या कोपऱ्यात दोनशे सत्तर, उजव्या भिंतीवर एक वीट अशी आहे की तिचा बाकीच्या भट्टीशी काही संबंधच नाही. खरा आकडा कुठला? मी सतरा ठिकाणी मोजून, वहीत लिहून, बेरीज करून सतराने भागायचं ठरवलं. भागाकार अगदी बरोबर आला. तोवर दार उघडं असल्यामुळे भट्टी निवली होती. त्या दिवशीचे पाव पांढरेफटक, आणि चावले की दाताला धरून ठेवणारे. इस्पितळातून सगळे परत आले, सोबत बाईंची चिठ्ठी: "आमच्या रुग्णांना आधीच बरंच काही झालेलं आहे."

तरीही खचलो नाही. (तुला वाटेल याला खचताच येत नाही. येतं, पण वेळ नाही.) मी म्हटलं, दादाचा हात कुठे जायचा ती जागा सापडली की झालं, यंत्र तिथेच रोखायचं. सगळ्यांना गोळा करून विचारलं, दादा हात नेमका कुठे घालायचे? अडतीस वर्षांत कोणीतरी बघितलं असेल ना? एक म्हणाला डावीकडे, एक म्हणाला वर. पहिलवान म्हणाला, "दादा डोळे मिटून हात घालायचे, म्हणून आम्हीपण मिटायचो." मग मी स्वतः हात घालून बघायचं ठरवलं. बाही वर केली, तुझ्यासारखाच पाय रोवून उभा राहिलो आणि मोजायला लागलो. आठपर्यंत आलो तेव्हा पहिलवान हळूच म्हणाला, "मालक, हात अजून आत गेला नाही." आणि दादा, आज लिहिताना हसू येतं, पण तुझा आठ म्हणजे किती हेसुद्धा आम्हाला कोणाला माहीत नाही. घड्याळातला सेकंद वेगळा, तुझा वेगळा. मला भीती वाटली की मी भरभर मोजतो. तू तर कधी घाबरलाच नाहीस, त्यामुळे तुझा वेग कुठून काढायचा? त्या दिवशीचे पाव एका बाजूने काळे, दुसऱ्या बाजूने कच्चे निघाले. पहिलवान म्हणाला, मधोमध कापून अर्धे अर्धे पाठवू या. मी क्षणभर विचार केला, यावरून माझी अवस्था लक्षात घे.

काल बाई स्वतः आल्या. चकचकीत दाराकडे बघून त्यांनी मान हलवली (तुझी भावजय दोन दिवस त्या मान हलवण्यावर जगेल), यंत्राकडे बघून काहीच हलवलं नाही. म्हणाल्या, "येत्या गुरुवारी पहाटे पाच वाजता मी इथे उभी राहीन. माझ्यासमोर भट्टी लावा. पाव चांगले निघाले तर वर्षभर तुमचे घेऊ. नाही निघाले तर पुलापलीकडच्या कारखान्याचे, ते पिशवीत भरलेले. ते मलाही आवडत नाहीत." हे शेवटचं वाक्य त्या दारातून बाहेर पडताना बोलल्या. म्हणजे बाई वाईट नाहीत. पण इस्पितळ गेलं तर निम्म्या पावांसाठी एवढी भट्टी रोज पेटवून चालणार नाही, हे तुलाही कळतं. आणि एकदा गार पडलेली भट्टी किती दिवस गार राहते, हे आपण पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीचं पाहिलं आहे. तिथे आता चपला विकतात.

तर अशी सगळी खुशाली आहे. गुरुवारची तयारी जोरात चालू आहे. सरपण वाळवलं, साचे पुसले (घासले नाहीत, तुझ्या भावजयीकडून गोणपाट काढून घेतलं आहे), पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली. मी यंत्र घेऊन उभा राहणार आहे आणि पाव चांगले काढणार आहे, हे नक्की. कसे, एवढंच ठरायचं बाकी आहे. लेकीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार, त्यांची दाढी पूर्ण होवो.

तुझा आज्ञेबाहेरचा पण लाडका,
धाकटा

ता. क. एका पोस्टकार्डावर भट्टीचं आतलं चित्र काढून हात जिथे घालायचास तिथे फुली मारून पाठवशील का? घाई नाही. बुधवारपर्यंत मिळालं तरी चालेल.

ता. क. दुसरा. वरचं पोस्टकार्डाचं राहू दे. पत्र बंद करून पुन्हा उघडलं आहे, कारण एक गोष्ट लिहिली नाही, आणि ती लिहिली नाही तर बाकीची पानं खोटी आहेत. गेल्या थंडीत एका सकाळी तू हात आत घातलास आणि आठला काढला नाहीस. बारा झाले, सोळा झाले. केस जळल्याचा वास मला आला, तुला आला नाही. एकवीसला हात काढून तू म्हणालास, "गार आहे, दोन लाकडं टाक." मी टाकली नाहीत. टाकल्याचा आवाज केला. दुसऱ्या दिवशी तू भट्टीच्या उकाड्यातही पूर्ण बाहीचा सदरा घालून आलास, आणि त्यानंतर रोज. दीड महिना मी लाकडं टाकल्याचा आवाज करत होतो दादा, आणि तू आत काय वाजलं ते ऐकून "आता बरोबर" म्हणत होतास. यंत्र मी भट्टीसाठी आणलं नाही, हातासाठी आणलं. तुला म्हणालो की यंत्र जास्त अचूक असतं, कारण तुझ्या हाताला आता लागत नाही, हे तुझ्या तोंडावर म्हणायला माझी जीभ वळली नाही. त्यापेक्षा भांडण सोपं वाटलं. ते तर आपल्याला चांगलं जमतं.

ता. क. तिसरा. यंत्राला आकडा कळतो, कुठे बघायचं ते कळत नाही. तुझ्या हाताला भाजलेलं कळत नसेल, पण कुठे जायचं ते कळतं. तेव्हा यंत्र तू हातात धरायचंस, डोळे हवे तर मिटायचेस, आणि दाराबाहेरूनच हात करायचास. आकडा मी वाचेन. गुरुवारी अकरा वाजता त्याच इस्पितळातल्या नसांच्या डॉक्टरांकडे तुझी वेळ घेतली आहे. बाईंनीच मिळवून दिली, मी मागितली नव्हती. त्यांनी फक्त विचारलं होतं की आधी भट्टी कोण बघत होतं, आणि मी तुझ्या हाताचंही सांगून बसलो. बुधवारची दुपारची बस सव्वादोनला तुमच्या कोपऱ्यावरून सुटते. तुझ्या लेकीने तिकीट काढलं आहे, तिला रागावू नकोस, मीच सांगितलं. आणि येणार नाही असं म्हणत असशील तर ऐकून ठेव. गुरुवारी पाच वाजता पीठ तयार असेल. बाई घड्याळ बघोत, पीठ परातीबाहेर येवो, पहिलवान रडो, मी भट्टीच्या दाराकडे पाठ करून उभा राहीन. तू समोर येऊन "उघड" म्हणेपर्यंत दार उघडणार नाही.